गावठाणाची बारी

"आज बारी बदलू नको कुणासाठी," शेळकेमामा म्हणाले. "यादीत हाय तसंच चालू दे."

सकाळचे आठ वाजले होते. मामा कंट्रोल रूमच्या दारात उभे होते, खांद्यावर रबरी हातमोजे, हातात डबा. मी रात्रपाळीच्या माणसाकडून चार्ज घेऊन नुकतीच खुर्चीत बसायच्या खटपटीत होते. सातवा महिना लागलेला. आधी टेबलाला धरायचं, मग पाय लांब करायचे, मग देवाचं नाव घेऊन स्वतःला खाली सोडायचं, असा तो कार्यक्रम असायचा.

"मी कशाला बदलीन, मामा?"

"तुझं मन पातळ हाय म्हणून म्हणतोय. कोण तरी फोनवर रडतं आन तू विरघळतीस. एकापास्नं तीन गावठाण बंद, तीनपास्नं पाच वाडी. बास."

"बरं बाबा, तसंच करते. आता सांगा, मामी कशा आहेत?"

"काल संध्याकाळी आणली घरी. मशीनवर हाय. नाकात नळी. डॉक्टर म्हणाले, मशीन बंद न्हाई झालं पायजे. मी म्हणलं, डॉक्टर, मी लाइनमन हाय."

ते हसले. मीही हसले. त्या हसण्यात दोघांनाही फारसा दम नव्हता.

इंदूमामींची फुप्फुसं गेली तीन वर्षं हळूहळू आटत चालली होती. हवेतला ऑक्सिजन ओढून नळीतून देणारं ते मशीन विजेवर चालतं. वीज गेली तर हाताशी सिलिंडर लागतो. मी विचारलं, सिलिंडर आहे ना?

"भरायला दिलाय. तळेगावची गाडी अडीचपत्तूर यील."

"अडीच?" मी मनात हिशेब केला. मामांचं घर गावठाणाच्या कडेला, शाळेमागच्या आळीत. गावठाण एक वाजता बंद होणार. "मामा, मग एक ते अडीच..."

"माझं मी बघितलंय," ते माझं वाक्य तोडत म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "तू यादीपरमाणं चाल. मला आज डोंगरापलीकडं धाडलंय, कंपनीच्या टॉवरलाइनच्या मोजणीला. तिकडं रेंज न्हाई. संध्याकाळी येतो."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि ते गेले. उपकारासाठी तोंड उघडायला नको म्हणून हा माणूस असा तोडून बोलतोय, असं मला वाटलं. अडतीस वर्षं खांबावर चढलेला, कधी कुणाकडे एक सुट्टी जास्तीची न मागितलेला माणूस. दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं.

ह्याला आता पाच वर्षं होतील. रेवा आत झोपली आहे. ती उठेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं लिहिते. गेल्या चार वेळा इथवर येऊनच थांबले आहे.

आमचं उपकेंद्र मावळातल्या एका माळावर होतं. आजूबाजूच्या अकरा गावांना तिथून वीज जायची, दोन लाइनींवरून. एकीला गावठाण म्हणायचे, दुसरीला वाडी. कुठली डीपी कुठल्या लाइनवर, ते कंट्रोल रूमच्या भिंतीवर रंगवलेल्या मोठ्या बोर्डावर लिहिलेलं. डीपी म्हणजे दर आळीला खांबांवर बसवलेला तो छोटा ट्रान्सफॉर्मर. काही बदल झाला की आधी बोर्डावर यायचा, मग लाइनीवर. हे मला शिकवलं ते मामांनीच. मी नवीन होते तेव्हा ते म्हणाले होते, "पोरी, खांबावर चढलेल्या माणसाचा जीव ह्या बोर्डावर असतो. हितं खोटं लिहिलं तर तिकडं माणूस मरतो."

आणखी एक रीत त्यांनीच पाडली होती. लाइन बंद करायच्या आधी फोन करायचे. कुणाकडे म्हातारं माणूस आजारी, कुणाच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन, कुणाचं पोल्ट्रीचं शेड. ह्या घरांचे नंबर एका वहीत, लाइनीवार. वरून असा कुठलाही नियम नव्हता. पण आमच्याकडे फोन झाल्याशिवाय ब्रेकरला हात लागायचा नाही.

त्या दिवसाच्या दीड वर्ष आधी तिसरी लाइन आली, एक्सप्रेस. ती फक्त एका इमारतीसाठी होती. माळाच्या पलीकडच्या टोकाला ती इमारत उभी राहिली तेव्हा गावातले लोक रोज बघायला जायचे. करड्या रंगाची, चार मजल्यांएवढी उंच, आणि एकही खिडकी नाही. डेटा सेंटर हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. सगळे कंपनीच म्हणायचे.

"आत काय असतं गं?" मामींनी मला एकदा विचारलं होतं.

"कॉम्प्युटर. हजारो. लोकांचे फोटो, बँकेचे व्यवहार, सगळं तिथं साठवतात."

"आन तेवढ्याला येवढी लाइट?"

"ते तापतात ना. त्यांना सारखं गार ठेवावं लागतं."

मामींनी पदराने वारा घेत माझ्याकडे बघितलं होतं. "आपल्यावानीच की," त्या म्हणाल्या होत्या.

कंपनीची स्वतःची टॉवरलाइन यायला अजून वर्ष होतं. तोवर आमच्यावरच. ती एकटी जेवढी ओढायची, तेवढी अकरा गावं मिळून ओढत नसत. त्यात मे महिना. आणि आठच दिवस आधी आमच्या दोन मोठ्या ट्रान्सफॉर्मरपैकी एक जळाला. राहिलेल्या एकावर सगळा भार. तो इतका तापायचा की आम्ही लग्नाच्या मंडपवाल्याकडून दोन मोठे कूलर आणून त्याच्यासमोर लावले होते. माझा सहकारी कदम दिवसभर त्या कूलरमध्ये पाणी ओतत असे.

"तुम्हाला पंखा एक, आणि ह्याला कूलर दोन," तो मला चिडवायचा. "पोटुशी नक्की कोण आहे, ताई?"

तिन्ही लाइनी एका वेळी पेलणार नव्हत्या. म्हणून गावांची बारी लावली. दोन तास ही बंद, दोन तास ती. कंपनीची बारी नव्हती. तसा करार होता, असं सांगितलं गेलं.

साडेअकराला तेलाचं तापमान काट्यावर तांबड्या पट्टीच्या जवळ गेलं. ट्रान्सफॉर्मरचा आवाज एरवी भुणभुणल्यासारखा असतो. तो आता खालच्या पट्टीत गेला होता, कुणीतरी दात आवळून कण्हावं तसा. तो आवाज जमिनीतून खुर्चीत आणि खुर्चीतून माझ्या पाठीत यायचा. पोटातली रेवा त्या आवाजाने गप्प व्हायची. इतर वेळी नुसती धिंगाणा घालणारी ती, अशा वेळी अगदी स्थिर. मला ते आवडत नसे.

मी देवरे सरांना फोन लावला. ते आमचे अभियंता, पाच उपकेंद्रं एकट्याच्या गळ्यात.

"सर, टेंपरेचर वाढतंय. कंपनीला सांगा ना, दोन तास त्यांच्या जनरेटरवर जा म्हणावं. सोळा जनरेटर आहेत त्यांच्याकडे."

"वृषाली, मला माहिती आहे किती आहेत ते."

"मग?"

"मग काही नाही. काल मी हेच विचारलं होतं वर. मला म्हणाले, तुम्ही वीज द्यायला बसलाय की सल्ले?" त्यांनी सुस्कारा सोडला. "एक्सप्रेस लाइनला हात लावायचा नाही. दोन्हींपैकी एक लाइन एकला बंद कर."

"कुठली?"

"तुझी यादी आहे ना. कुठलीही कर गं. भार उतरल्याशी मतलब."

कुठलीही कर.

मी फोन ठेवला आणि बोर्डासमोर जाऊन उभी राहिले. गावठाणाची लाइन हिरव्या रंगात, वाडीची निळ्या. हिरव्या रेघेवर शेवटून दुसरी खूण: शाळेमागची डीपी. मामांची आळी.

ह्यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. गावठाण एक ते तीन बंद राहिलं तर मामींचं मशीन एकला थांबणार आणि सिलिंडर अडीचला येणार. दीड तास. तेच आधी वाडी घेतली आणि तीनला गावठाण, तर तोवर सिलिंडर घरात असेल. वाडीवर त्या दिवशी मशीनवरचं कुणीही नव्हतं. वहीत नावं होती ती पोल्ट्रीची, गिरणीची आणि एका इन्सुलिनवाल्या आजोबांची. त्यांना दोन तास आधी काय किंवा नंतर काय.

मामांनी सांगितलेलं मला ऐकू येत होतं. पण मला वाटलं, हा माणूस स्वतःसाठी कधी मागणार नाही. म्हणून त्याच्यासाठी कुणीतरी न मागता करायला हवं. तेवढं तर मला करता येतं.

मी वाडीच्या तिघांना फोन केले. गिरणीवाले भडकले. "बाई, आमची बारी तीनला असती. दळण घेऊन बाया बसल्यात हितं."

"आजच्या दिवस, काका. अडचण आहे."

"कुणाची?"

मी फोन ठेवला.

एक वाजता मी वाडीचा ब्रेकर उघडला. खट्कन आवाज झाला, निळ्या लाइनचा दिवा विझला, आणि मीटरचा काटा खाली आला. ट्रान्सफॉर्मरचं कण्हणं जरा हलकं झालं. मी लॉगमध्ये वेळ लिहिली, कारण लिहिलं: आदेशानुसार भारनियमन. मग डबा उघडला. मला चांगलं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. पोळीचा घास घेताना मी पोटावर हात ठेवून म्हणाले सुद्धा, बघ, तुझ्या मामीआजीचं काम केलं आपण.

एक वाजून चौदा मिनिटांनी फोन वाजला.

"लाइटीच्या हापिसातनं का?" बाईचा आवाज, धापा टाकणारा. "मी छबू बोलती, शेळक्यांच्या शेजारची. आवं लाइट गेली. इंदूकाकीचं मशीन बंद पडलंय."

"नाही छबूताई, तुमची लाइट चालू आहे," मी म्हणाले. मी मान वळवून बघितलं. हिरवा दिवा स्वच्छ जळत होता. "गावठाण चालूच आहे. घरातला फ्यूज गेला असेल. मीटरपाशी जा, मुख्य खटका खाली पडलाय का बघा."

"खटका म्हंजी कुठला?"

"मीटरच्या खाली, काळा. वर करा."

"बघती." फोन आपटल्याचा आवाज झाला.

मी डबा बाजूला सारला. मशीनने भार घेतला असेल, जुनं वायरिंग, फ्यूज गेला असेल. मामा येऊन बघतील. अशी मी स्वतःची समजूत घालत होते. तिकडे एक बाई अंधाऱ्या कोनाड्यात काळा खटका शोधत होती, आणि मी तिला शोधायला लावलं होतं.

एक वाजून एकवीस.

"ताई, खटका वरच हाय. दोनदा खालवर केला. आन शाळेतबी लाइट न्हाई, सगळ्या आळीत न्हाई." छबूताईंचा आवाज आता बारीक झाला होता. "काकी बसून हाय नुसती, खाटंची कड धरून. ओठ बघवंनात. काय करू सांगा."

"खिडक्या उघडा. पुढं वाकून बसू दे त्यांना. उशी द्या पुढ्यात. कुणाकडे गाडी आहे का?"

"बापय माणसं समदी कामाला गेलीत. जगतापाकडं रिक्षा हाय, पोरगं धाडलंय त्येच्याकडं."

"मी माणूस पाठवते. डीपीचा फ्यूज गेला असेल. पाच मिनिटांत माणूस येतो."

मी दारात जाऊन कदमला हाक मारली. तो कूलरपाशी बादली घेऊन उभा होता, उन्हात पाठ भिजलेली.

"कदम, गाडी काढ. शाळेमागच्या डीपीचा फ्यूज गेलाय. मामी मशीनवर आहेत, पळ."

कदमने बादली खाली ठेवली. पळाला मात्र नाही. त्याने माझ्या खांद्यावरून आत, पॅनेलकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा कसा तरी झाला.

"ताई, वाडी का बंद आहे?"

"आधी वाडी घेतली आज. का?"

"बारी गावठाणाची होती."

"हो, पण मामी... कदम, बोलत काय बसलास? फ्यूज."

"फ्यूज गेला नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "ती डीपी वाडीवर आहे. पाडव्याच्या आठवड्यात मामांनी रात्रीतून जंपर बदलून टाकला. शिडी मी धरली होती."

जंपर म्हणजे खांबावरचा वायरीचा छोटा तुकडा. तो इकडून काढून तिकडे जोडला की अख्खी आळी एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर जाते. तारा तेवढ्याच, खांब तेवढेच. खालून बघणाऱ्याला काही कळत नाही.

"बोर्डावर नाही," मी म्हणाले.

"बोर्डावर कसं येईल, ताई? गावठाण जास्त वेळा जायचं, तेव्हा बारी नव्हती लावलेली. मामींना धाप लागायची. मामा म्हणाले, कदम, आयुष्यात एकदा चोरी करतोय, कुणाला बोलू नको. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत म्हणाले."

*बारी बदलू नको कुणासाठी.* *माझं मी बघितलंय.*

मला आठवतं ते एवढंच, की माझे कान बंद झाले आणि फक्त तो ट्रान्सफॉर्मर ऐकू येत होता.

"ताई," कदम म्हणाला, "गावठाण उघडा आणि वाडी लावा. लगेच होईल."

माझा हात हिरव्या ब्रेकरपर्यंत गेला. आणि तिथे थांबला.

"आणखी कुणाचे जंपर बदललेत?"

"म्हणजे?"

"एक बदलला तसे आणखी कुणी बदलले असतील. गावठाणावर आता कोण आहे, सांग मला. बोर्ड सोडून सांग."

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

वहीत गावठाणाची अकरा घरं होती. एकालाही फोन केलेला नव्हता. आणि वहीत नसलेलं आणखी एखादं घर त्या हिरव्या रेघेवर असेल, तर ते मला पुन्हा असंच कुणाच्या तरी धापेतून कळणार होतं. त्या भिंतीवर तीन रेघा होत्या. त्यातल्या एकाच रेघेच्या टोकाला कोण आहे, ह्याची मला खात्री होती.

मी एक्सप्रेसचा ब्रेकर उघडला.

तो आवाज निराळाच असतो, मोठा, छातीत बसणारा. "ताई," कदम पुटपुटला. ट्रान्सफॉर्मर एकदम शांत झाला, जणू कुणी त्याच्या छातीवरून उठलं. मी वाडीचा ब्रेकर लावला. निळा दिवा लागला. हिरवा होताच. एक वाजून सत्तावीस.

कदमने बाहेर बोट केलं. माळाच्या टोकाला कंपनीच्या मागून काळा धूर वर येत होता, एक, मग दोन, मग ओळीने. सोळाच्या सोळा जनरेटर. वाऱ्याचा मागमूस नव्हता, धूर सरळ उभा राहिला. आतला एक पंखादेखील थांबला नसेल. कुणाच्या कुठल्या फोटोवर धूळ बसली नाही.

मी छबूताईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा.

तेवढ्यात देवरे सरांचाच आला. "एक्सप्रेस आपोआप ट्रिप झाली? मला वरून तीन फोन आलेत."

"ट्रिप नाही झाली, सर. मी उघडली."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"वृषाली, तू सहा वर्षं नोकरी केलीयेस. काय केलंस कळतंय का?"

"कळतंय."

"कारण काय लिहिलंस?"

माझ्यापुढे लॉग उघडा होता. वाडी बंद, एक वाजता. त्याखालची ओळ कोरी. खरं कारण लिहिलं असतं तर मामांची अडतीस वर्षं त्या एका ओळीत संपली असती.

"तापमान धोक्याच्या वर," मी म्हणाले. "एवढंच लिहिते."

"लिही. आणि पाच मिनिटांत पुन्हा चालू कर, नाहीतर मला येऊन करावी लागेल."

मी पाच मिनिटांत केली नाही. दोन वाजून पाचला केली, गावठाणाच्या अकरा घरांना फोन करून झाल्यावर, ती लाइन बंद करून. तोवर कदम मामांच्या आळीत जाऊन आला होता. मशीन चालू झालं होतं. पण मामी त्याच्यापाशी नव्हत्या. जगतापांच्या रिक्षातून, छबूताईंच्या मांडीवर डोकं ठेवून, त्या तळेगावच्या रस्त्याला लागल्या होत्या.

सिलिंडरची गाडी सव्वादोनलाच आली. घराला कडी होती. ड्रायव्हर सिलिंडर ओट्यावर ठेवून गेला.

चौथ्या दिवशी मामी गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं अशीही दोन-तीन महिनेच चालली असती. ते असं का म्हणाले, किती खरं म्हणाले, कोण जाणे.

चौकशी झाली. पण ती मामींची नव्हती. त्या दिवशी अंधार पडायच्या आत कदमने एकट्याने शिडी लावून तो जंपर काढला आणि डीपी होती तशी गावठाणावर घातली. मला त्याने नंतर सांगितलं. मी त्याला कर म्हणाले नव्हते, नको असंही म्हणाले नाही. त्यामुळे कागदावर सगळं जुळलं. शाळेमागची डीपी गावठाणावर, आणि गावठाण त्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत चालू. म्हणजे कागदावर एक ते दोनच्या मधे इंदूमामींच्या घरची वीज गेलीच नव्हती. त्या दुपारी फक्त एका ग्राहकाचा पुरवठा विनाकारण खंडित झाला, अडतीस मिनिटं. मला नोटीस आली ती त्या अडतीस मिनिटांची. पगारवाढ थांबली, बदली झाली. मामींच्या सत्तावीस मिनिटांचा कुठं उल्लेखच नाही.

रेवा जुलैत झाली. ती महिन्याची झाल्यावर मामा आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, पण गळ्यापाशी मोठा झालेला. माझ्या आईने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं आणि पेला किती तरी वेळ हातात धरून बसले. आई आत गेल्यावर म्हणाले,

"एक इचारायचं व्हतं, पोरी."

"विचारा ना."

"त्या दिवशी बारी बदलली. वाडी आधी घेतली." ते पेल्यात बघत होते. "तू तर तशी न्हाईस. मी सांगून गेलो व्हतो तुला. मग कुणी बदलाया लावली?"

त्यांना वाटत होतं, मला जंपरचं माहीत नाही. त्यांचं घर वाडीवर होतं, हे मला कधी कळलंच नाही, असं ते धरून चालले होते. त्यांच्या त्या एका चोरीला कुणी साक्षीदार असला तर कदम, आणि कदम बोलणार नव्हता. आता मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मामा, मी बदलली. मामींसाठी. पुढचं त्यांचं त्यांनाच कळलं असतं, बोर्डावर काय यायचं राहिलं होतं ते.

मांडीवर रेवा झोपली होती. तिच्या टाळूवरचं मऊ कातडं हलत होतं, धप् धप्.

"वरूनच सांगितलं, मामा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा. खांद्यांतलं काही तरी सैल झालं.

"मला वाटलंच," ते म्हणाले. "कंपनीसाठी असंल. त्यांना काय, कुठली आळी कुठं हाय." मग म्हणाले, "तुझ्यावर उगाच शंका घेतली मी. मनावर घेऊ नको."

"नाही घेत."

त्यांनी पेला खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि पुढे केले. मी रेवाला त्यांच्या हातांत दिलं. खांबावर चढून चढून घट्टे पडलेले ते हात. त्यांनी वाकून तिच्या नाकापाशी कान नेला. डोळे मिटले आणि तिचा श्वास ऐकत बसले.

"चाललाय," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "बारीक हाय, पण चाललाय."